आधी काठ

जांभळं पिकतात तेव्हा गंगा सर्वांत रोडावलेली असते. मृग तोंडावर आलेला असतो. काळ्या रानात पंजा आत जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात आणि नांगरटी झालेल्या शेतांत नजर अडेल असं काही उरत नाही. पालम तालुक्यात त्या दिवसांत डोळ्याला गडद हिरवं दिसावं असं ठिकाण म्हणजे गोदावरीच्या पात्रातलं जांभूळबेट. आमच्याकडे गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. गंगेला पाणी आलं, गंगा उतरली, गंगेवर जाऊन आलो. त्या गंगेनं दोन फाटे करून मधोमध धरून ठेवलेली ही जमीन, आणि तिच्यावर जांभळाची झाडं.

महाराष्ट्रात सर्वांत कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांत परभणीचं नाव येतं. त्यात नवल नाही. जिथं काळी माती तिथं शेत, आणि शेत आलं की झाड बांधापुरतं. एखादी बाभळ, एखादा कडुनिंब, विहिरीवर आंबा. आमची हिरवाई पिकाची असते. सोयाबीन दिवाळीआधी निघतं, तूर पौषात सुकते, कापसाच्या पऱ्हाट्या फाल्गुनापर्यंत उभ्या राहतात आणि मग सगळं रान उघडं पडतं. बारमाही सावली कशी असते हे कळायला इथल्या माणसाला बेटावरच जावं लागतं. भोई होडी वल्हवत नेतो, पाण्यावरून येणारा वारा एकदम थंड लागतो आणि पलीकडे पाय ठेवला की मोराचा आवाज येतो. कधी एक, कधी चारी बाजूंनी.

जांभळाखाली उभं राहून बघावं. जमीन जांभळी-काळी झालेली असते आणि पायाखाली गर चिकचिकतो. आंबूस वास असतो, त्यावर मुंग्यांच्या रांगा आणि माश्यांचं घोंगावणं. टपोरं जांभूळ उंचावरून पडताना फुटतं, त्याच्या फुटलेल्या अंगाला माती चिकटते. ती बोटानं पुसायची, जमेल तेवढी फुंकायची आणि तोंडात टाकायचं. आधी गोड, मागून तुरट, मग जीभ जड. वर कोकीळ आणि बुलबुल खातात, रात्री वटवाघळं येतात. बी ते टाकतात तिथं पुढचं झाड. या रानाला माळी कधीच नव्हता.

जांभळाला पाण्याचं भय नाही. पुरात महिनाभर बुडखा पाण्यात राहिला तरी ते तग धरतं. त्याचं लाकूडही पाण्यात लवकर कुजत नाही, म्हणून जुने लोक विहिरीच्या तळाशी जांभळाचं लाकूड घालत. नदीच्या बेटावर याच झाडानं रान केलं यात झाडाची निवड अचूक आहे.

भीती आहे ती झाडाखालच्या मातीची. बेटाची कड पाण्याच्या बाजूनं नीट पाहिली की ते दिसतं. वर हातभर काळी माती, तिच्याखाली पिवळसर गाळ आणि त्याखाली वाळूचा थर. प्रत्येक थर एकेका पुरानं आणून ठेवलेला. पाणी आधी खालची वाळू ओढून नेतं. वरची माती काही दिवस छज्ज्यासारखी पुढे आलेली राहते आणि मग एक दिवस झाडासकट खाली बसते. अशी झाडं मी पाहिली आहेत. अर्धी मुळं मातीत, अर्धी हवेत लोंबणारी, खोड पाण्यावर कललेलं, आणि तरी शेंड्याला नवी पालवी. त्या पालवीकडे बघवत नाही.

पूर चढताना दिसतो तेवढा घातकी नसतो, उतरताना जास्त असतो. पाणी वर असतं तेव्हा ते काठाला बाहेरून दाबून धरतं. काठाची माती आतपर्यंत भिजून जड होते. मग पाणी झपाट्यानं खाली जातं, बाहेरचा आधार सुटतो, आतलं पाणी मात्र मातीतच असतं. अशा वेळी काठाचे ढलपेच्या ढलपे सुटतात. काळी माती तर उन्हाळ्यात आधीच भेगाळलेली असते, त्या भेगांतूनच ती तुटते. आता नदीचं चढणं-उतरणं निम्मं माणसाच्या हातात आहे. वर पैठणला १९७६ पासून नाथसागर आहे आणि खाली येताना बंधाऱ्यांची माळ आहे. आमच्या तालुक्यातच डिग्रसला उच्च पातळी बंधारा आहे. कुठल्याही बंधाऱ्याच्या फुगवट्यात पाणी महिनोन् महिने एकाच पातळीला राहतं, लाटा एकाच रेषेवर आपटतात आणि तिथं काठाला खालून खाच पडते. दरवाजे उघडले की ती पातळी धाडकन उतरते. त्यातच पात्रातून वाळू उपसली गेली की नदी खोल जाते आणि काठाचा पाया उघडा पडतो. वाळूनं भरलेले हायवा रात्री रस्त्यानं जातात, तेव्हा त्यांत कुठल्या काठाचा पाया चालला आहे हे कुणी विचारत नाही. २००६ चा पूर गंगाकाठच्या लोकांच्या अजून तोंडी आहे, २०२५ च्या सप्टेंबरातला तर कालचा. अशा प्रत्येक पुराला बेटानं अंगावरची थोडी जमीन दिली आहे.

माझी पुतणी शिकायला बुडापेस्टला आहे. एका रविवारी तिनं फोनवर मार्गारेट बेट दाखवलं. डॅन्यूबच्या मधोमध अडीच किलोमीटर लांब, सुमारे २४० एकरांचं बेट, आणि तेही देशाच्या राजधानीत. जुने चिनार, खाली गवतावर पसरलेली कुटुंबं, कडेनं धावणारी माणसं. ती म्हणाली, "काका, इथं गाडीचा आवाजच येत नाही बघा." खरंच येत नव्हता. खासगी मोटारींना त्या बेटावर फिरायला बंदी आहे, बस तेवढी जाते. मग मी तिला काठ दाखवायला सांगितला. ती हसली, पण चालत गेली आणि फोन खाली धरला. दगडी बांधकाम, त्याला लागून पाणी.

त्या बेटाची गोष्ट मग मी मिळेल तिथून वाचली. तेराव्या शतकात मंगोलांची स्वारी ओसरल्यावर हंगेरीच्या चौथ्या बेला राजानं नवस फेडायला आपली मुलगी देवाला वाहिली. ती या बेटावरच्या मठात राहिली आणि १२७० मध्ये तिथंच गेली. बेटाला तिचं नाव आहे, मठाचे पडके दगड अजून उभे आहेत. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथं राजघराण्यानं बाग लावायला घेतली. डॅन्यूब तेव्हा गरीब नदी नव्हती. १८३८ च्या मार्चात बर्फ अडून आलेल्या पुरानं पेस्ट शहर झोपवलं. त्यानंतरच्या दशकांत त्या लोकांनी नदीला शिस्त लावायला घेतली. दगडी धक्के बांधले, बेटाच्या कडा भरून काढल्या, आजूबाजूचे लहान तुकडे बेटाला जोडून घेतले. सर्वांसाठीची सार्वजनिक बाग म्हणून बेट १९०८ मध्ये खुलं झालं. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. गुलाबाचे वाफे, कारंजी, पाण्याचा मनोरा हे नंतरचं. आधी काठ धरला. आणि तो धरूनही २०१३ च्या जूनमध्ये डॅन्यूब ८९१ सेंटिमीटरपर्यंत चढली तेव्हा शहरातले लोक वाळूच्या पोत्यांना हात लावायला धावलेच.

त्याच नदीवर वर व्हिएन्ना आहे. तिथलं एकवीस किलोमीटर लांबीचं डोनाउइन्सेल तर माणसानंच केलेलं. १९७२ ते १९८८ या काळात पुराच्या पाण्याला दुसरी वाट म्हणून समांतर कालवा खोदला आणि निघालेली माती मधे टाकली. तिचंच बेट झालं. पूरनियंत्रणाचं काम, त्यावर झाडं लावली, आज निम्मं शहर उन्हाळ्यात तिथं पोहायला जातं. आमच्याकडे पाटबंधाऱ्याचं काम झालं की बाजूला मुरमाचे ढिगारे आणि बाभळी उरतात. एकाच कामातून पुराला वाट आणि माणसाला सावली मिळू शकते, हे तिथल्या अभियंत्यांनी करून दाखवलं. आपल्याकडचे अभियंते काही कमी हुशार नाहीत. त्यांच्याकडून कुणी सावली मागितलेली नाही, एवढंच.

युरोपातल्या नदीकाठच्या बागेत आपला एक मराठी माणूसही कायमचा राहिला आहे. कोल्हापूरचे छत्रपती दुसरे राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडचा प्रवास करून परत निघाले होते. वाटेत फ्लॉरेन्सला आजारी पडून ३० नोव्हेंबरला ते गेले. वय अवघं विशीचं. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती, रोमला राजधानी जायला अजून काही महिने होते. आर्नो नदीला मुन्योने ही लहान नदी मिळते त्या संगमावर, कास्चिने नावाच्या मोठ्या बागेच्या टोकाला त्यांचं दहन झालं. परमुलखात, थंडीत, सोबतच्या लोकांनी आधी संगम शोधला असेल, याची मला कल्पना करता येते. आम्हीही गेलेल्या माणसाला गंगाकाठच्या गंगाखेडला नेतो ते नदीसाठीच. १८७४ मध्ये त्या जागी छत्री उभी राहिली, तिच्यात फुलर या इंग्रज शिल्पकारानं घडवलेला महाराजांचा अर्धपुतळा आहे. शेजारच्या पुलालाही तिथं 'इंदियानो' म्हणूनच ओळखतात. १९६६ च्या नोव्हेंबरात आर्नोनं सगळं फ्लॉरेन्स बुडवलं, कास्चिनेही त्यातून सुटली नाही. बाग पुन्हा उभी केली गेली आणि छत्री आहे तिथंच आहे. नदीकाठची जागा राखली की तिच्यावर ठेवलेली माणसंही राखली जातात.

जांभूळबेटाला पर्यटनस्थळ करा, ही मागणी आमच्या तालुक्यात जुनी आहे. मी तिच्या बाजूचा आहे, पण काळजीनं. पर्यटन म्हटलं की आधी कमान येते, मग पेव्हर ब्लॉक, मग सिमेंटचे प्राणी आणि झोपाळे. बेटावर यातलं काहीही नेऊ नये. मार्गारेट बेटाचे गुलाब आम्हाला नकोत, त्या बेटाचा दगडी काठही जसाच्या तसा नको. ते शहर आहे, तिथं काठ बांधला तर काठावर माणसं बसतात. इथं काठाच्या बिळांत खंड्या आणि वेडे राघू राहतात. आम्हाला हवा आहे पाणी जिथं थेट आदळतं त्या वरच्या टोकाला भक्कम आधार. जाळ्यांत भरलेले दगड, पायथ्याला पिचिंग, आणि त्याच्या मागे मऊ कामाला वाळा, बांबू, करंज, उंबर. वाळ्याची मुळं सरळ खाली पुरुषभर जातात आणि माती आवळून धरतात. बांबू बेटाबेटानं पसरतो. उंबराला ओल आवडते. यातलं काहीही परदेशातून आणायचं नाही.

जांभळाची नवी झाडं मात्र बेटावरच्याच बियांची असावीत. ज्या झाडानं इतके पूर सोसले त्याचीच पिल्लं तिथं लावावीत, दुकानातलं मोठ्या फळाचं कलम कामाचं नाही. जांभळाची बी साठवता येत नाही. वाळली की ती मरते, पंधरवड्यात मातीत गेली पाहिजे. म्हणून मे महिन्यातच पिशव्या मातीनं भरून तयार हव्यात. तालुक्यातल्या शाळांना तेव्हा सुट्टी असते, पोरं मोकळी असतात आणि जांभळं खायला बेटावर जायला कुणाला आग्रह करावा लागत नाही. खाल्लेल्या प्रत्येक बीची पिशवी करायची, एवढं ठरवलं तरी दोन पावसाळ्यांत तुटलेल्या कडेमागे दुसरी रांग उभी राहील. परभणीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. कुठल्या थराला कुठलं गवत धरेल हे सांगणारी माणसं तिथं आहेत, त्यांना एकदा होडीत बसवून आणावं. बंधाऱ्याचं पाणी सोडताना पातळी टप्प्याटप्प्यानं उतरवावी, हे मागणं तर एका अर्जाचं आहे. खर्चाचं नाही.

माणसांनी बेटावर जावंच. झाडाखाली बसून जेवायची आपली रीत युरोपातल्या रविवारांपेक्षा जुनी असेल. कार्तिकात आवळीच्या झाडाखाली पंगती बसत आल्या आहेत, शाळेचं वनभोजन कुणीच विसरलेलं नाही. ज्यानं जांभूळबेटाच्या सावलीत दुपार काढली तोच त्याच्या काठासाठी भांडायला उभा राहील. पण मोरांच्या विणीच्या दिवसांत, म्हणजे पावसाळ्यात, बेट त्यांचंच असू द्यावं. नाहीतरी त्या दिवसांत गंगा होडी घालू देत नाही. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात दिवसाला मोजक्या होड्या सोडाव्यात. त्या काठच्या भोयांच्याच असाव्यात आणि भाडंही त्यांनाच मिळावं. चूल अलीकडच्या काठावर पेटावी, पंगत अलीकडेच उठावी. पत्रावळी, बाटल्या, स्पीकर अलीकडे ठेवून माणसानं मोकळ्या हातानं होडीत बसावं.