जस्ताच्या मातीतले पिवळे फूल

मुलांच्या अंगावर घामोळे उठले की आपण गुलाबी कॅलामाईन लोशन लावतो. त्याच नावाचे एक गाव बेल्जियमच्या पूर्व सीमेवर आहे. फ्रेंचमध्ये ‘ला कॅलामीन’. गावकरी जर्मन बोलणारे, ते म्हणतात केल्मिस. कॅलामाईन म्हणजे जस्ताचे खनिज. माझी भाची जवळच जर्मनीत, आखेनला शिकते. मे महिन्यात तिच्याकडे गेलो, तेव्हा तिने मला बसने तिथे नेले.

गाव साधेच, पण इतिहास मोठा नमुनेदार. इथल्या खाणीवर नेदरलँड्स आणि प्रशिया दोघांचाही डोळा! तंटा मिटेना, तेव्हा १८१६ साली हा चिमुकला मुलूख तटस्थ ठरवला. १९२० पर्यंत तो तसाच राहिला. खनिज मात्र एकोणिसाव्या शतकातच संपले. मागे उरली जस्त, शिसे आणि कॅडमियम मुरलेली माती.

अशा मातीत साध्या झाडाची मुळे खुंटतात, पाने पिवळी पडतात. आणि इथे तर माळभर पिवळी, नाजूक व्हायोलेटची फुले डुलत होती! ती जस्त होता होईल तो पानांपर्यंत पोचू देत नाहीत. मुळांशी नांदणारी बुरशीही त्यांना मदत करते. पांढऱ्या फुलांच्या एका मोहरीवर्गीय रोपाची तऱ्हा नेमकी उलटी. ते जस्त ओढून घेते आणि पानांच्या पेशींतल्या पोकळ्यांत कोंडून ठेवते. त्याच्या शंभर ग्रॅम वाळल्या पानांत एक ग्रॅमहून अधिक जस्त निघू शकते. घरात विष साठवून सुखाने नांदणारे हे बिऱ्हाड मला तरी व्हायोलेटपेक्षा नवलाचे वाटले.

भाचीचा अभ्यास दूषित माती शुद्ध करण्याचा. मी सहज विचारले, “मग हा माळ केव्हा धुऊन काढणार?”

“काढला तर हे फूल जाईल, मामा. चांगल्या मातीत दुसरी गवते माजतात, ती याला जगू देत नाहीत.”

“आणि ठेवला तर?”

“इथे भाजी लावली, तर कॅडमियम ताटात येईल.”

म्हणूनच या भागातले असे काही माळ राखून ठेवले आहेत. एखादे फूल वहीत ठेवावे म्हणून मी वाकलो, तर तिने हात धरला. “तोडू नका. हे दुसरीकडे फारसे सापडत नाही.”

परतताना उताराखाली कुणाच्या परसात भाजीचे वाफे दिसले. ती कुंपणाशी थांबून ते बराच वेळ न्याहाळत होती. बस आली, तेव्हा मलाच हाक मारावी लागली.