मापल्यावर ठरेल

एखाद्या लेखनाची योग्यता त्याच्या भाषेवरून ठरवण्याची सवय आम्हा मराठीच्या प्राध्यापकांना इतकी जडलेली असते की, पुढ्यात आलेला कागद साहित्याचा नाही हेसुद्धा कधीकधी ध्यानात येत नाही. गेल्या वर्षी माझ्या हातून जो प्रमाद घडला, त्याचे मूळ या सवयीत आहे. एका मोटारीच्या इंजिनाच्या पुनर्बांधणीसाठी दोन कोटेशने आली होती. त्यांतले एक निवडण्याचे काम माझ्याकडे आले, आणि मी चुकीचे निवडले.

मोटार माझ्या भाच्याची. २००२ सालची होंडा सिटी, दीड लिटरची, व्हीटेक इंजिनाची. १४९३ घनसेंटिमीटरचे हे इंजिन १०६ अश्वशक्ती देत असे, आणि त्या काळी आपल्याकडे त्या वर्गातील मोटारीसाठी हा आकडा मोठाच होता. इंजिनाचे फेरे एका मर्यादेपलीकडे गेले की तेलाच्या दाबाने एक लहानशी पिन सरकते, झडपा उघडणारे दांडे एकमेकांशी जोडले जातात आणि झडपा अधिक खोल व अधिक वेळ उघडू लागतात. त्या क्षणी इंजिनाचा आवाजच बदलतो. भाचा या आवाजाचा भक्त. जुनी गाडी त्याने पुण्यात घेतली तेव्हाच ती तेल खात होती आणि मागून निळसर धूर सोडत होती. नुसती दुरुस्ती त्याला नको होती; कोइंबतूरच्या कारी ट्रॅकवर चालवता येईल असे इंजिन बांधून हवे होते. त्यासाठी परदेशातून फोर्ज्ड पिस्टनही त्याने मागवून ठेवले होते, ते यायचे होते.

पैसे मात्र त्याच्या आईचे, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे. मेहुण्यांच्या पश्चात तिने जपलेली एक मुदत ठेव ती यासाठी मोडायला तयार झाली. का झाली, ते मी विचारले नाही. ती एवढेच म्हणाली, "दादा, मला यातलं काही कळत नाही. तू दोन्ही कागद वाच आणि सांग."

पहिला कागद पुण्याजवळच्या एका वर्कशॉपचा होता. तीन पाने, टंकलिखित, क्रमवार परिच्छेद. बोअरिंग व होनिंग, चारही सिलिंडर, ०.५० ओव्हरसाइज, क्रँक ग्राइंडिंग, हेडचे फेसिंग, 'संपूर्ण बॅलन्सिंग', 'ब्लूप्रिंटिंग', बांधणी. एकूण १,८२,००० रुपये, मुदत सहा आठवडे. दुसरा कागद आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका मेस्त्रींचा. बिलबुकाच्या मागच्या बाजूस निळ्या शाईने लिहिलेला, ऱ्हस्वदीर्घाच्या अनंत चुका असलेला. लिहिलेल्या रकमांची बेरीज ६१,००० भरत होती; परंतु चार ओळींपुढे रक्कमच नव्हती. तिथे 'मापल्यावर ठरेल' असे लिहिले होते. आणि सर्वांत खाली, दोनदा अधोरेखित केलेले एक वाक्य: 'पिस्टन आधी आणून देणे.'

मी मेस्त्रींना फोन करून विचारले, या कोऱ्या जागांचा आकडा किती धरायचा? ते म्हणाले, "सर, आत काय हाय ते बघितल्याबिगर कसं सांगू?" मी जरा वरच्या पट्टीत म्हणालो की व्यवहारात असे चालत नाही, अंतिम रक्कम द्यावी लागते. ते थोडे थांबले आणि म्हणाले, "मग दुसरीकडं बघा." या उत्तरात मला उर्मटपणा दिसला. कोऱ्या जागा म्हणजे पुढे पैसे वाढवत नेण्यासाठी उघडी ठेवलेली खिडकी, असा अर्थ मी लावला आणि बहिणीला तीन पानांचा कागद निवडायला सांगितले. 'संपूर्ण' या विशेषणाने माझी फसगत केली. विद्यार्थ्याच्या निबंधात ते आले असते तर मी लाल शाईने खाली रेघ मारून विचारले असते, संपूर्ण म्हणजे किती?

ठरल्या मुदतीनंतर आणखी तीन आठवड्यांनी गाडी मिळाली. आवाज सुरेख होता. सुमारे ९०० किलोमीटर झाल्यावर सातारा रस्त्यावर इंजिन जाम झाले. उघडल्यावर तिसऱ्या सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे आणि पिस्टनच्या कडेला वितळून पसरलेले अ‍ॅल्युमिनियम. वर्कशॉपवाल्यांचे म्हणणे स्वच्छ होते: पिस्टन तुमचे, आम्ही बोअर बरोबर कापला. त्यांची लबाडी होती असे मला आजही वाटत नाही. करारात लिहिलेले त्यांनी केले होते. ०.५० लिहिले होते, ०.५० कापले होते. प्रश्न असा होता की पिस्टन हातात येण्यापूर्वीच तो आकडा लिहिला गेला होता आणि ते येण्यापूर्वीच बोअर कापून झाला होता.

बहिणीने तक्रार केली नाही. फोनवर तिने फक्त विचारले, "दादा, तू नीट वाचलं होतंस ना?"

ब्लॉक टेम्पोत घालून आम्ही मामा-भाचे उद्यमनगरात गेलो. मेस्त्रींनी मागचे काही काढले नाही. सिलिंडर पुसून घेतले, डायल बोअर गेज आत सोडले आणि एकेका सिलिंडरची सहा मापे घेतली: वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी. दोन दिशांच्या मापांतला फरक म्हणजे लंबवर्तुळपणा, वरच्या-खालच्यातला फरक म्हणजे निमुळतेपणा. मग मायक्रोमीटरने पिस्टन मापला. तोही कुठेही नव्हे, तर पिनच्या काटकोनात, खालच्या भागात, बनवणाऱ्याने सांगितलेल्या उंचीवर. पिस्टनच्या खोक्यातला कागद भाच्याजवळ होता. त्यावर पिस्टन आणि भिंत यांच्यात सात शतांश मिलिमीटर मोकळीक ठेवावी असे छापलेले होते. आमच्या इंजिनात ती तीनच शतांश निघाली. कंपनीच्या मूळ ओतीव पिस्टनला ती चालली असती. आम्ही आणलेल्या फोर्ज्ड पिस्टनच्या मिश्रधातूत सिलिकॉन कमी असते. तो ताकदीला चिवट, पण तापल्यावर अधिक फुगतो. ताणून चालवलेल्या इंजिनात त्याला फुगायला जागाच उरली नाही.

चार शतांश मिलिमीटर म्हणजे किती? मी ज्यांच्या गठ्ठ्यांवर गठ्ठे तपासतो त्या उत्तरपत्रिकेचा एक कागद साधारण दहा शतांश जाड असतो. त्याच्या निम्म्याहूनही कमी.

"पायाचं माप न घेता चप्पल शिवल्यागत झालं बघा," मेस्त्री म्हणाले. त्यात टोमणा नव्हता.

पुढचे काही शनिवार मी त्या शेडमध्ये स्टुलावर बसून काढले आणि जुना तीन पानी कागद ओळीओळीने पुन्हा वाचला. 'क्रँक ग्राइंडिंग' असे लिहिले होते. पण क्रँक झिजला आहे का, किती, कोणत्या जर्नलवर, याचा उल्लेख नव्हता. न मापता ग्राइंडिंगचा भाव लावणे म्हणजे रोगी न पाहता शस्त्रक्रियेची तारीख देणे. कदाचित नुसत्या पॉलिशवर भागले असते. होंडा तर क्रँकवरची आणि ब्लॉकवरची खूण जुळवून बेअरिंगचे कवच रंगाच्या ठिपक्यावरून निवडायला सांगते, इतका तो फरक बारीक असतो. तिथे मोकळीक जास्त झाली तर तेलाचा दाब पडतो, आणि दाब पडला की ज्या पिनेसाठी हा सारा खटाटोप, तीच वेळेवर सरकत नाही. 'हेडचे फेसिंग' होते, पण हेडला तडा आहे का हे दाबाखाली तपासण्याचे नाव नव्हते. 'संपूर्ण बॅलन्सिंग'पुढे ग्रॅमचा आकडा नव्हता. 'ब्लूप्रिंटिंग' हा शब्द तर मला ग्रंथनामासारखा भारदस्त वाटला होता. त्याचा अर्थ इतकाच की प्रत्येक भाग मापून कंपनीने दिलेल्या मर्यादांच्या आत, हव्या त्या नेमक्या मापावर आणणे. मग त्या मापांचा तक्ता गिऱ्हाइकाच्या हाती पडायला हवा. आम्हाला तक्ता मिळाला नव्हता आणि तो मागायचा असतो हेही ठाऊक नव्हते.

उलट त्या निळ्या शाईच्या कागदात एक ओळ होती जी मी वाचूनही वाचली नव्हती: 'होनिंग पाट आवळून.' हेडचे बोल्ट आवळले की सिलिंडरची भिंत किंचित वाकडी होते. म्हणून हेडच्या जागी जाड पोलादी पाट तितक्याच ताकदीने आवळायचा आणि त्या ताणलेल्या स्थितीत होनिंग करायचे. म्हणजे पुढे हेड बसल्यावर बोअर गोल राहतो. तीन शब्द. आणखी एक ओळ होती, 'धुणे साबणपाण्याने, पांढरे फडके'. ती वाचून मला तेव्हा हसू आले होते. होनिंगची बारीक कणी डिझेलने पुसून जात नाही. साबणपाण्याने घासून, तेलाचे पांढरे फडके फिरवल्यावर ते पांढरेच निघेपर्यंत धुवावे लागते. राहिलेली कणी नव्या रिंगा खाते. या धुण्याचे त्यांनी ४०० रुपये लावले होते.

पाठचिकित्सा शिकवताना मी दरवर्षी वर्गात सांगतो की, समोर कोणत्या हस्तलिखित प्रती होत्या आणि कुठे वाचता आले नाही, हे न सांगणाऱ्या संपादकावर विसंबू नये. वीस वर्षे सांगतो आहे.

इंजिनाचे काय झाले ते सांगायला हवे. बोअर वाढवता येतो, कमी करता येत नाही. बाकीचे तीन सिलिंडर होनिंगने सात शतांशांवर आणता आले; तिसऱ्यात नवी स्लीव्ह बसवावी लागेल, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये ओतूनच बसवलेली जुनी स्लीव्ह कापून काढणे हे नाजूक आणि महाग काम आहे. एक पिस्टन नव्याने मागवला आहे. तो आल्याखेरीज मेस्त्री तिसऱ्या सिलिंडरला हात लावणार नाहीत. खर्चाचा भार या खेपेस मी उचलतो आहे. बहिणीने आधी नको म्हटले, मग काही म्हटले नाही.

नवे कोटेशन गेल्या आठवड्यात मिळाले. मी ते तिला फोनवर वाचून दाखवले. ओळ संपली की ती रक्कम विचारायची, मी सांगायचो. झडपांच्या गाइडपाशी येऊन मी थांबलो.

"त्याचे किती?" तिने विचारले.

"लिहिलेले नाही. हेड खोलून मापल्यावर सांगतील."

"बरं," ती म्हणाली. "पुढचं वाच."