लेस्टरचा सूर्य

नागपूरच्या इतवारीत वाढलेल्या माणसाला सूर्यास्ताची वेळ पाहावी लागत नाही. दिवाळीच्या सुमारास साडेपाचच्या आसपास सूर्य मावळतो. त्याआधीच घरून निरोप येतो, वडील गल्ल्यावरून उठतात, समोरच्या पेढीवरचे काकाही उठतात. रात्रिभोजनत्याग हा आपण पाळीत असलेला नियम आहे, असे मला तेथे कधी वाटलेच नाही. सारी गल्लीच तो माझ्या वतीने पाळीत होती. हे ध्यानात आले ते २०१८ साली, इंग्लंडमधील लेस्टर येथे पाठशाळेतील मुलांना शिकविण्यासाठी वर्षभर स्वयंसेवक म्हणून राहिलो तेव्हा.

लेस्टरच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील जैन केंद्र पूर्वी ख्रिस्ती प्रार्थनामंदिर होते. तेथे १९८८ मध्ये प्रतिष्ठा झाली. श्वेतांबर देरासर, दिगंबर मंदिर आणि स्थानकवासी उपाश्रय तेथे एकाच छताखाली नांदतात. आपल्याकडे एका रस्त्यावर राहूनही आपण एकमेकांच्या उंबऱ्यावर किती वेळा जातो, हा प्रश्न मला तेथे वारंवार पडला.

माझी राहण्याची सोय एका गुजराती कुटुंबात होती. घरातील वृद्ध माउलीला सगळे ‘बा’ म्हणत. १९७२ मध्ये युगांडातून निघावे लागलेल्यांपैकी त्या एक. जुलै महिन्यात तेथे नऊ वाजून गेले तरी ऊन असते, त्यामुळे नियम पाळणे सोपे होते. परंतु २८ ऑक्टोबरला देशभरातील घड्याळे तासभर मागे घेतली गेली आणि सूर्यास्त एकदम पावणेपाचच्या आत आला. मुले शाळेतून घरी पोहोचतात न पोहोचतात तोच अंधार. बांच्या घरी रात्रीचे जेवण सातला होई. माझे ताट त्या चार वाजता वाढीत, काही न बोलता.

दिवाळी ७ नोव्हेंबरला, बुधवारी होती. नागपुरात पहाटे निर्वाणलाडू चढविताना वडिलांनी दूरध्वनी मंदिरात धरला, तेव्हा माझ्याकडे मध्यरात्र उलटली होती. घंटानाद ऐकत अंथरुणावरच हात जोडून बसलो. दुपारी एका आजारी श्रावकांना स्तोत्रपाठ ऐकविण्यास गेलो आणि परतताना बस वाहतुकीत अडकली. घरी पोहोचलो तेव्हा पाच वाजले होते. दिवस केव्हाच मावळला होता. बांनी माझ्यासाठी पुरणपोळी केली होती. गुजराती वेढमी नव्हे, कोणाला तरी विचारून केलेली आपल्याकडची. मी हात जोडून नकार दिला. त्यांचा चेहरा उतरला. त्या सकाळपासून माझ्यासाठी जेवायच्या थांबल्या होत्या, हे मला सुनेकडून नंतर कळले.

त्यांनीही ताट झाकून ठेवले. दिवाळीच्या रात्री एका घरात दोन माणसे उपाशी झोपली. मी नियम पाळला याचे समाधान मला त्या रात्री लाभले नाही, आणि तो मोडायला हवा होता असेही मी आज म्हणणार नाही. बसची वेळ मी आधी पाहायला हवी होती, एवढे मात्र खरे. दुसऱ्या दिवशी दोन घटका दिवस वर आल्यावर आम्ही समोरासमोर बसून तीच पुरणपोळी खाल्ली.

नाताळच्या सुटीत मुलांना घेऊन लंडनला गेलो, बाही आल्या. नाताळच्या दिवशी तेथे आगगाड्याच धावत नाहीत, म्हणून दोन दिवस थांबून निघालो. व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात मध्य प्रदेशातील ग्यारसपूरची पार्श्वनाथांची प्राचीन पाषाणमूर्ती आहे. नागपूरकराला ते गाव लंडनपेक्षा कितीतरी जवळचे, तरी मी तेथे कधी गेलो नव्हतो. ना अभिषेक, ना अक्षत, ना घंटा. एका मुलाने हळूच विचारले, “इथे बूट काढायचे का?” मी काय सांगावे ते ठरवीत होतो, तोवर त्याने काढलेही होते.

बाहेर आलो तो आभाळ मळकट झाले होते. बांनी मनगटावरचे घड्याळ पाहिले. “साडा त्रण थया, भाई,” म्हणत त्यांनी थेपल्यांचा डबा उघडला. पहिले थेपले माझ्या हातावर ठेवले आणि दुसरे स्वतः घेतले.