धार गेल्यावर

कळमना म्हटलं की नागपूरकराला आधी संत्रा आठवतो, मग मिरची, मग धान्य. मला लाकूड आठवतं. मार्केट यार्डाच्या गर्दीतून शहराकडे निघालं की लकडगंज फार लांब नाही. तिथल्या आरामशिनींवर चिरलेला माल आसपासच्या पत्र्याच्या शेडांमध्ये पोचतो आणि त्याच्या चौकटी, पलंग, देव्हारे होतात. या भागातलं सागवान देशभरातले लाकूडव्यापारी अजून ‘सीपी टीक’ म्हणूनच ओळखतात. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस नावाचा प्रांत १९५० सालीच नकाशावरून गेला, नागपूरचं राजधानीपणही पुढे गेलं, पण वखारीत ते नाव टिकून आहे. दिल्लीच्या नव्या संसद भवनाला नागपूरचं सागवान लागलं. २०२३ च्या मार्चमध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारशाहून सागवान निघालं, तेव्हा लोकांनी त्याची मिरवणूक काढली. लाकडाची मिरवणूक निघावी याचं मला फार अप्रूप वाटलं होतं.

या लाकडाचा एक गुण मात्र मिरवणुकीत दिसत नाही, तो सुताराच्या हाताला कळतो. सागात सिलिका असते, म्हणजे वाळूचाच अंश. रंधा दिवसभर सागावर चालला की संध्याकाळपर्यंत पात्याची धार बसते. सागवानाच्या मुलखात सुतारकी करायची म्हणजे धार लावणं आलंच. त्याला सुटका नाही.

म्हणून इथल्या जुन्या सुतारांना कुठलंही नवं हत्यार दाखवा, ते आधी पातं बघतात. रंग, मूठ, खोका, कशाकडेच त्यांचं लक्ष जात नाही. आमच्याकडे कामाला येणारे एक काका अजूनही खाली मांडी घालून, फळी पायाच्या अंगठ्याखाली दाबून काम करतात. त्यांच्या पुतण्यानं कुरिअरनं एक करवत मागवली होती. पिवळी-काळी मूठ, दातांची टोकं निळसर. काकांनी ती उलटीपालटी केली, दातांवरून हलकेच बोट फिरवलं आणि विचारलं, “याले कानस लागते का रे?”

“नाई लागत काका. बोथट झाली का दुसरी घ्याची.”

“मंग हे हत्यार कायचं?” एवढं बोलून त्यांनी करवत खाली ठेवली. रागानं नाही, नीट, दात भुईला लागणार नाहीत अशी.

नवी हत्यारं खरंच उपयोगाची की नुसतीच नवलाची, या प्रश्नाला इतका थेट जबाब मी दुसरीकडे कुठे ऐकला नाही. हत्यार नवं असताना ते सगळेच जोखतात. काका ते त्याची धार जाईल त्या दिवसावर जोखत होते.

धार लावताना त्यांच्याकडे बघत राहावं. रंध्याची पाचर सैल करून पातं काढायचं, दगडावर पाण्याचा शिपका मारायचा आणि पात्याचा उतार दगडावर अंदाजानं बसवायचा. तो पंचवीस-तीस अंशांचा असतो हे पुस्तकात आहे. काकांच्या मनगटाला तो पाठ आहे. उतार दगडावर पुरता टेकला की हाताला एक ठेहराव येतो, दोन्ही बाजूंचं डुगडुगणं थांबतं. मग पुढे-मागे, पुढे-मागे. दगडावर काळसर चिखल जमतो. पात्याच्या पाठीवर अंगठा फिरवल्यावर बारीक खरखर लागली, म्हणजे पोलाद टोकापर्यंत घासलं गेलं. मग पाठ सपाट टेकवून दोन-चार हात, आणि खरखर गेली. पातं रंध्यात बसवून पाचर ठोकायची. पातं खाली घ्यायचं असलं की त्याच्या डोक्यावर हातोडीची टिचकी, वर घ्यायचं असलं की रंध्याच्या मागच्या टोकावर. पहिली ढलपी फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड निघाली आणि तिच्यातून उजेड दिसला, की काका मान हलवतात आणि कामाला लागतात.

आता हे सगळं येत नसेल त्यानं काय करायचं? इथे मी नव्या हत्यारांच्या बाजूनं उभा आहे. धार लावताना पातं ठरल्या कोनात धरून ठेवणारा चाकाचा छोटा शिकंजा मिळतो. शिकणाऱ्याच्या हातात तो जरूर द्यावा. हिऱ्याची पूड बसवलेली धारेची पट्टी तर काकांच्या हातातसुद्धा द्यावी. दगड मधोमध झिजून खोलगट होतो, तो पुन्हा सपाट करत बसावं लागतं. ही पट्टी सपाटच राहते. नवेपणानं इथे जुन्याच कामातली एक खरी अडचण काढली आहे. कपाटाच्या ऑटो हिंजचं ३५ मिलिमीटरचं भोक दर दारावर त्याच जागी पाडून देणारा साचाही असाच. एकाच घराच्या कपाटांना दारं थोडी असतात का? एक भोक सूतभर सरकलं की दार ओढ खातं, आणि ते निस्तरण्यात दिवस जातो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. नागपुरात टेपवर मिलिमीटर असले तरी तोंडात सूतच असतं.

पण एकाच अवजारात दहा अवजारं, कोपऱ्याचा कोन दाखवणारे आकडी पडदे, करवत सरळ चालावी म्हणून चुंबक लावलेले ठोकळे, यांच्याबद्दल माझं मन साशंक आहे. ही हौस आजची नाही. अमेरिकेतल्या स्टॅन्ली कंपनीनं १८६९ साली लिओनार्ड बेलीची रंध्याची पेटंटं विकत घेतली, आणि पातं स्क्रूनं खालीवर करायचा लोखंडी रंधा त्यातून जगभर गेला. ती सुधारणा टिकली. आज नागपूरच्या लोहाओळीत मिळणारा लोखंडी रंधा त्याच घडणीचा असतो. त्याच कंपनीनं १८९७ मध्ये क्रमांक ५५ चा रंधा काढला. पन्नासहून जास्त पाती, खाचा, गोलाया, झालरी, सगळं एकातच. दिसायला अद्भुत. पण जुळवायला बसलं की काम बाजूलाच राहतं, आणि पाती पन्नास म्हणजे लावायच्या धारा पन्नास! ते रंधे आज शौकिनांच्या कपाटात फार, बाकावर थोडे.

उलट, रंध्यातच एक जुना भाग आहे, ज्याची किंमत पुष्कळांना उशिरा कळली. पात्याच्या पाठीवर दुसरी एक पट्टी कसलेली असते. अनेक जण ती पातं घट्ट बसावं म्हणून असते असं समजून कुठेही कसतात. जपानमध्ये यामागाता विद्यापीठातल्या काटो आणि कवाई या अभ्यासकांनी लाकूड कापलं जातानाचं अगदी जवळून चित्रीकरण केलं. ती पट्टी धारेपासून मिलिमीटरच्या दोन-तीन दशांशांवर आणली, की ढलपी तिथल्या तिथे मोडते आणि उलट्या रेषेचं लाकूडही उचकटत नाही, हे त्यात डोळ्यांनी दिसतं. बाजारात उचकटणं थांबवणारे महागडे रंधे येत राहतात. उपाय बहुतेकांच्या रंध्यात आधीपासून कसलेला आहे, एक स्क्रू सैल करून पुढे सरकवायचा, एवढंच.

मात्र नवी हत्यारं पारखायची सर्वांत कठोर मोजपट्टी मला अमेरिकेत किंवा जपानात सापडली नाही. ती गांधीजींच्या काळातली आहे. अखिल भारतीय चरखा संघानं १९२९ साली सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं. त्या काळचे एक लाख! अटी वाचताना मला आजही भरून येतं, इतका त्यांत वापरणाऱ्याचा विचार आहे. बाईमाणसाला फारसे कष्ट न होता सलग आठ तास काम करता आलं पाहिजे. तेवढ्या वेळात १६,००० फूट सूत निघालं पाहिजे. किंमत दीडशे रुपयांवर नको. वेळेवर देखभाल झाली तर यंत्र वीस वर्षं चाललं पाहिजे, आणि झिजलेले भाग बदलायचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांपुढे जाता कामा नये. किर्लोस्करांनीही आपलं यंत्र स्पर्धेत उतरवलं होतं. बक्षीस कोणालाच मिळालं नाही. पुढे १९३८ साली वर्ध्यात गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडलं. चरख्यांमध्ये आणि ग्रामोद्योगांच्या अवजारांमध्ये तिथे हिंडताना त्या अटी डोक्यात असल्या, तर प्रत्येक वस्तू वेगळी दिसते.

कष्ट कमी, काम जास्त, पैसा आवाक्यात, आणि दुरुस्ती वापरणाऱ्याच्या हातातली. या चौकटीत पुतण्याची करवत बसवून बघितली तर निकाल काकांएवढा सोपा येत नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. ती कानस घेत नाही, कारण तिच्या दातांची टोकं विजेनं क्षणात तापवून कडक केलेली असतात. पण पुतण्या सागवान कापतोय कुठे? त्याचं सगळं काम प्लायवूडचं. प्लायच्या थरांमधला डिंक वाळून इतका कडक होतो की साध्या पोलादाचे दात बघता बघता मरतात. दिवसातून चारदा कानस घेऊन बसायला त्याला कोण मजुरी देणार? त्याच्या कामापुरती ती करवत खरी आहे. माझी तक्रार एवढीच की, तिच्यापाठोपाठ पटाशी आणि रंध्याचं पातंही फेकायची वस्तू होऊ लागली आहे. आणि ज्याच्या हातून धार लावणं सुटलं, त्याच्या हातात सागवान आलं की तो सागाला दोष देतो.

केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली आणि तिच्या वर्षपूर्तीचा कार्यक्रम वर्ध्यातच झाला. या योजनेत कारागिराला अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं व्हाउचर मिळतं. अठरा व्यवसायांच्या यादीत सुतार आहे, लोहार आहे, आणि हातोड्या-अवजारं घडवणाराही वेगळा मोजला आहे. ही यादी करणाऱ्याला मी मनापासून दाद देतो. आता सुताराच्या व्हाउचरातले काही रुपये त्याच यादीतल्या लोहाराकडे गेले पाहिजेत. कळमन्यात ट्रकांना काय तोटा? मोडलेल्या कमानीचा पाटा भंगारात पडतो, आणि त्या पोलादाचं पातं सागवानासमोर चांगलं टिकतं. विदर्भातले लोहार ते घडवत आले आहेत. पुतण्यानं ड्रिल मशीन घ्यावी, हिंजचा साचा घ्यावा, डोळ्यांना चष्मा तर घ्यावाच. त्यातूनच एक इंची पटाशी आणि रंध्याचं एक पातं लोहाराकडून घडवून घ्यावं, आणि एखाद्या दुपारी काकांच्या शेजारी बसून त्या दोन्हींना धार लावायला शिकावं.