घरघर आधी, हादरा मागून

कालपासून जुन्या घराच्या माळवदाची माती उतरवतोय. आई बोलत नाही माझ्याशी. "त्या रात्री पडलं नाही, आता काय पडतंय?" एवढंच तिचं म्हणणं.

ती रात्र म्हणजे 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. गणपती बुडवून लोक झोपलेले. किल्लारीपासून आमचं गाव साठेक किलोमीटर. आधी जमिनीतून घरघर आली, बैलं उठून उभी राहिली. सहा-सात सेकंदांनी भिंत आडवी हलली.

असं का, ते लई उशिरा कळलं. पहिली लाट खडकातून सेकंदाला सहाएक किलोमीटर धावते. तिच्यात खडकाचा कण लाट जाते त्याच दिशेनं पुढं-मागं होतो, हवेतल्या आवाजासारखा. दुसरी साडेतीनच्या आसपास, तिच्यात कण लाटेला आडवा हलतो. कासरा झटकून बघा. झटका टोकापर्यंत पळतो, कासऱ्याचा पीळ मात्र जागेवरच वर-खाली.

दगड-मातीची भिंत उभं वजन पेलते हो, पण आडवं ढकललं की दगड सुटतात अन् वरची सगळी माती खाली. किल्लारी-सास्तूरकडं जवळपास दहा हजार माणसं गेली, कितीतरी झोपेतच, त्या ढिगाऱ्याखाली. आमच्यापर्यंत हादरा येईस्तोवर दमला होता, म्हणून घर राहिलं. भिंत मजबूत होती म्हणून नाही. हे आईला कसं सांगू?

पांढरी माती दोन ट्रॉल्या निघाली. वर पत्रा टाकणार. भिंतींच्या माथ्यावर चारी बाजूंनी काँक्रीटचा पट्टा कुणी टाकून घेतला असेल, तर खर्च सांगा.