तेलाचा रंग

माउली, तुमच्याही दारात एखादी १०० सीसीची मोटारसायकल उभी असेल. शेत, बाजार, रात्रीचं कीर्तन, सगळं आपण त्या एका गाडीवर करतो. तिच्या इंजिनातलं तेल शेवटचं कधी बदललं, सांगता येईल का? मलाही येत नव्हतं. सर्व्हिस सेंटरचं बिल, त्यावर शिक्का, झालं.

तीन वर्षांपूर्वी अशीच सर्व्हिसिंग करून आणलेल्या गाडीचं तेल चौथ्या दिवशी झाकणाची पट्टी काढून पाहिलं. नवं तेल मधासारखं दिसतं. हे उकळलेल्या कोऱ्या चहासारखं. तेल न बदलता पैसे घेतले, असं मनाने घेतलं. तडक सेंटरवर गेलो आणि गाडी हाताळणाऱ्या पोराला चार गिऱ्हाइकांसमोर चोर म्हणालो. "काका, बदललंय," एवढंच तो बोलला आणि खाली पाहू लागला. मला ती कबुलीच वाटली.

तेव्हापासून तेल घरीच बदलतो. तुम्हीही बदला, अवघड नाही. बोल्टाच्या मापाचा पाना, जुनं घमेलं, नरसाळं आणि चिंध्या एवढं पुरतं. तेल मात्र गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच आणा. कारचं उरलंय म्हणून ओतू नका. आपल्या गाडीचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो, तो घसरायला लागतो. आणि खालचा बोल्ट बसवताना अंगातला जोर दाखवू नका. बोल्ट पोलादी, केसिंग ॲल्युमिनियमचं, आटे जातात. माझे पहिल्याच खेपेला गेले. लेथवाल्याकडे जाऊन बसवून घ्यावे लागले, आणि सेंटरच्या बिलात वाचवलेले पैसे तिथे गेले.

दुसऱ्या खेपेला सगळं जमलं. डबा मी आणला, सील मी फोडलं, ओतलं मी. चौथ्या दिवशी कौतुकाने पट्टी काढली. तेल काळपट!

घाईने गाडीचं पुस्तक काढलं. त्यात तेलाची मापं दोन दिलेली आहेत: इंजिन पूर्ण खोललं तर किती, आणि नुसता बोल्ट काढून बदललं तर किती. दुसरं माप कमी. म्हणजे बोल्ट काढला तरी थोडं जुनं तेल आत राहतंच, आणि नव्याला आपला रंग देतं. ते पान गाडी घेतल्यापासून माझ्या कपाटात होतं.

वारीत आपण समोर येईल त्याच्या पाया पडतो, वय विचारत नाही. दर आषाढीला हे करणाऱ्या तोंडातून तो शब्द निघाला होता.

काढलेलं तेल गटारात किंवा बांधावर ओतायचं नसतं, विहिरीचं पाणी नासतं. कॅन भरून सेंटरच्या पिंपात द्यायला गेलो, तेव्हा त्या पोराला शोधलं. तिथल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "बाळा, तुझं खरं होतं. मी खोटा."

तो कॅनकडे बघत होता. "इंजिन गरम करून काढलंत का, काका?"

"नाही. रात्रभर उभी होती, सकाळी काढलं."

"थंड तेल नीट उतरत नाही. पाच मिनिटं गाडी फिरवून आणायची, मग बोल्ट काढायचा. हात तेवढा सांभाळा, पोळतो."

मी पाया पडायला वाकलो तर तो दचकून मागे सरला. त्याचे दोन्ही हात तेलाने माखलेले होते. मग कॅन उचलून तो पिंपाकडे गेला.