मुक्काम कुठं करायचा?

सहलीचं नाव काढलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? उंच पाळणे, गरगर फिरणाऱ्या कपबश्या, पाण्याच्या घसरगुंड्या, आईस्क्रीम! रात्री झोपायची खोली काही कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. तो विचार आईबाबांनी करायचा, असं आपलं ठरलेलंच असतं. मलाही तसंच वाटायचं. पण आमच्या शाळेतल्या चौथीच्या एका मुलीनं मला या विषयावर चांगलंच कामाला लावलं. त्याची ही गोष्ट.

आमची शाळा हिंगणघाट तालुक्यातली. गाव कापसाचं. एका शनिवारी शाळा सुटल्यावर त्या मुलीचे बाबा वर्गाच्या दाराशी आले. चपला बाहेर काढल्या आणि जरा संकोचानंच म्हणाले, ''मॅडम, तुमी रामोजीले जाऊन आल्या म्हणते पोरगी. राहाचं कुठं, तेवढं सांगा.''

घरची पाच एकर शेती. यंदा कापूस विकल्यावर थोडे पैसे बाजूला काढले होते. लेकरांना एकदा मोठं काही दाखवायचं, असं नवराबायकोनं ठरवलं होतं. ''एकदाच जाणं होईन मॅडम. चुकलं तर पुन्हा नाही जमाचं,'' ते म्हणाले. म्हणून मी त्यांना आधी माझीच चूक सांगितली. तुम्हालाही सांगते.

२०१९ सालच्या डिसेंबरात आम्ही रामोजी फिल्म सिटी पाहायला हैदराबादला गेलो होतो. मी, हे, आमची दोन मुलं आणि सासूबाई. आम्हा वर्ध्याकडच्या लोकांना मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ. सेवाग्राम स्टेशनावरून बल्लारशा, काझीपेठ करत सिकंदराबाद सुमारे पाचशे किलोमीटर, तर मुंबई साडेसातशेच्या घरात. जाण्यायेण्याचं पक्कं झालं. मग खोलीचा विषय निघाला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ''काहून व बाई, नुस्तं झोपाले एवढे पैसे?'' मलाही पटलं. स्टेशनाजवळची सगळ्यात स्वस्त खोली घेतली. खोली वाईट नव्हती हं! चादरी धुतलेल्या होत्या, पंखा चालत होता. चूक खोलीची नव्हती, जागेची होती.

फिल्म सिटी शहरात नाहीच! ती आहे हैदराबाद-विजयवाडा महामार्गावर, शहरापासून तीसेक किलोमीटर लांब. सकाळी जाताना ते अंतर कळलं नाही. सगळे ताजेतवाने, खिडकीसाठी भांडणं, गाणी. दिवसभर पायपीट झाली. संध्याकाळी परतायला निघालो तेव्हा आतल्या बसनं फाटकापर्यंत आणून सोडलं. पुढं महामार्गावर शहरात जाणाऱ्या बसची वाट पाहत उभे राहिलो. बस आली ती खचाखच भरलेली. सासूबाईंचे गुडघे दुखत होते, तरी अर्धा रस्ता त्या उभ्याच. धाकटा पाच वर्षांचा, तो माझ्या खांद्यावर झोपला आणि मध्येच त्याला उलटी झाली. मग दुसरी बस, मग रिक्षा. खोलीवर पोचलो तेव्हा पावणेदहा वाजले होते. कुणी जेवलं नाही. दुसऱ्या दिवशी चारमिनार पाहायचा होता, पण दुपारपर्यंत कुणी उठलंच नाही.

आजही धाकट्याला विचारलं, ''रामोजीला काय पाहिलंस रे?'' तर तो म्हणतो, ''गर्दीची बस!''

आता तुम्ही म्हणाल, एवढं लांब जाऊन पाहण्यासारखं आहे तरी काय तिथं? पुष्कळ आहे! उद्योगपती रामोजी राव यांनी १९९६ साली ही फिल्म सिटी उभारली. २०२४ साली ते वारले. जागा सोळाशे एकरांच्या पुढे. चित्रपट बनवण्याचं जगातलं सर्वात मोठं संकुल म्हणून गिनीज बुकात तिची नोंद आहे. तिथं रेल्वे स्टेशन आहे, पण त्यावर खरी गाडी कधी येत नाही. तुरुंग आहे, त्यात कैदी नाहीत. लंडनची गल्ली आहे, पण दार उघडून आत जायला गेलात तर घरच नाही, नुसती भिंत! एखादी इमारत समोरून पाहावी तर एक, मागून पाहावी तर दुसरीच. 'बाहुबली' सिनेमासाठी उभारलेले भव्य देखावेही इथलेच. उघड्या लाल बसमधून हे सगळं दाखवतात. शिवाय लहान मुलांसाठी पाळणे नि खेळ, मारामारीचे खोटे खोटे प्रयोग, पक्ष्यांची बाग, फुलपाखरांची बाग. एक दिवस अपुरा पडतो.

आणि या सगळ्याच्या आत राहायची हॉटेलंही आहेत! 'सितारा' हे महागातलं, 'तारा' त्याहून जरा बेताचं. बागेच्या आतच हॉटेल, ही कल्पना मला फार नवलाची वाटली होती. शूटिंगसाठी येणाऱ्या मंडळींना राहायला जागा हवीच, हे खरं. पण खेळांच्या बागेतच मुक्काम ही कल्पना जुनी आहे, आणि तिच्यामागं एक गंमतदार गोष्ट आहे.

मिकी माउसवाले वॉल्ट डिस्ने तुम्हाला माहीत आहेतच. त्यांनी अमेरिकेत कॅलिफोर्नियामधल्या अनाहाईम गावी साधारण १६० एकर जमीन घेतली आणि १९५५ साली डिस्नेलँड उघडलं. (१६० एकर म्हणजे आपल्या या मुलीच्या बाबांच्या शेतासारखी बत्तीस शेतं!) लोकांची झुंबड उडाली. एवढे लोक लांबून येणार म्हणजे रात्री राहणार कुठंतरी. बघता बघता बागेभोवती दुसऱ्यांनी हॉटेलं आणि लॉज उभे केले. डिस्नेंना आणखी जमीन घ्यायला तेवढे पैसेच उरले नव्हते. बाग त्यांची, आणि राहण्याजेवण्याचा पैसा मात्र शेजाऱ्यांच्या गल्ल्यात!

ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली. पुढं फ्लोरिडा राज्यात दुसरी बाग काढायची ठरली, तेव्हा त्यांनी काय करावं? लहान लहान कंपन्यांच्या नावानं गुपचूप जमीन घेतली. डिस्ने घेताहेत असं कळलं असतं तर भाव कडाडले असते ना! अशी सुमारे २७ हजार एकर जमीन जमली. पहिल्या बागेच्या दीडशे पटींहून जास्त! डिस्ने स्वतः १९६६ साली वारले. ती बाग उघडली १९७१ साली, आणि पहिल्या दिवसापासून तिच्या हद्दीत दोन मोठी हॉटेलं तयार होती.

तेव्हा बागेतलं हॉटेल महाग का, हे आता ध्यानात आलं असेल. आपण तिथं गादीचे पैसे देत नाही, न करावा लागणाऱ्या प्रवासाचे देतो. ते द्यायचे की नाही, हा ज्याच्या त्याच्या खिशाचा प्रश्न.

हे सगळं ऐकून त्या मुलीचे बाबा हसले. म्हणाले, ''आतलं आमच्यानं नाही होत मॅडम.'' बरोबरच होतं. मग स्वस्त खोली घ्यायची म्हणजे पुन्हा माझीच चूक करायची का? मी सोमवारी तो प्रश्न फळ्यावरच लिहिला आणि वर्गाला गणित घातलं. आकडे मनाचे होते बरं का, खरे भाव दर हंगामात बदलतात.

समजा, स्टेशनाजवळची खोली एका रात्रीला १५०० रुपये. दोन रात्रींचे ३०००. तिथून बागेत गाडी करून जायचे ९००, यायचे ९००. सगळे मिळून ४८००. आता समजा, शहराच्या त्या टोकाला, महामार्गावर खोली घेतली. ती १८०० रुपये. दोन रात्रींचे ३६००. पण बाग जवळ, म्हणून जायचे ३००, यायचे ३००. झाले ४२००. कोणती खोली स्वस्त?

वर्गात गलका झाला. ''१८०० वाली! १८०० वाली!'' महागाची खोली स्वस्त पडते हे पाहून मुलं जाम खूश झाली. एका पोरानं मात्र हात वर केला. ''बाई, पण आपण बसनं गेलो तर?'' शाबास! बसनं गेलं तर स्टेशनाजवळचीच खोली स्वस्त पडेल. मग पैसे वाचतील आणि वेळ जाईल. सोबत आजी असेल, लहान भाऊ असेल, तर तो वेळ किती जड जातो हे मी तुम्हाला वर सांगितलंच आहे.

हे महामार्गावरचं टोक म्हणजे एल. बी. नगर आणि त्याच्या पुढचं हयातनगर. एल. बी. नगरपर्यंत २०१८ पासून मेट्रो जाते. नामपल्लीच्या, म्हणजे हैदराबाद स्टेशनाजवळच मेट्रोचं स्टेशन आहे. तिथून लाल मार्गाच्या गाडीत बसलं की थेट एल. बी. नगर, रस्त्यावरच्या गर्दीशी संबंधच नाही. सिकंदराबादला उतरलात तर मध्ये मेट्रो बदलावी लागते. आम्ही २०१९ ला गेलो तेव्हा ही मेट्रो सुरू होती, पण आम्ही कुणाला विचारलंच नाही! आहे की नाही शहाणपणा?

तारखेचंही बघा. आपल्याकडे संक्रांत म्हणजे तिळगूळ आणि पतंग. तिकडं तेलुगू लोकांची संक्रांत म्हणजे आपल्या दिवाळीएवढा सण. शाळांना सुट्टी, आणि हैदराबादेत नोकरीला असलेले आंध्रातले हजारो लोक गाड्या काढून गावी निघतात. कोणत्या रस्त्यानं? याच विजयवाडा महामार्गानं! टोलनाक्यावर गाड्यांच्या रांगाच रांगा लागतात. त्या दोनचार दिवसांत बागेशेजारची खोलीसुद्धा लांब पडेल. मे महिन्याचं तर बोलायलाच नको. आपण वर्धेकर उन्हाला भीत नाही, पण तिथं दिवसभर उघड्यावर चालायचं असतं.

तुमच्यापैकी काहींचे काका-मामा मुंबईकडे असतील. तुमच्या आईबाबांना विचारा, त्यांच्या लहानपणी 'एस्सेल वर्ल्ड'चं केवढं वेड होतं! १९८९ साली गोराईला उघडलेल्या त्या बागेत बोटीनं जायचं असे. विदर्भातले लोक डोंबिवली-कल्याणच्या नातेवाइकांकडे उतरून तिथं जात. ती बाग २०२२ मध्ये बंद झाली. आता त्या बाजूला जाणारे खोपोलीजवळच्या 'इमॅजिका'ला जातात. ती २०१३ साली सुरू झाली. बागेला लागून हॉटेल तिथंही आहे. आणि जवळच महडचा वरदविनायक, पुढं पालीचा बल्लाळेश्वर. दर्शन नि सहल एकत्र करणारी मंडळी पालीत मुक्काम करतात, ते मला फार आवडतं. डोंबिवलीहून मात्र एका दिवसात जाऊन येण्याचा हट्ट धरू नका. काकूंच्या हातचं जेवण चांगलं असतं, पण रात्रीची लोकल लहान मुलांसाठी नव्हे.

आता पुन्हा त्या मुलीकडे येऊ. मंगळवारी ती वही घेऊन आली. तिनं माझं गणित बाजूला ठेवून स्वतःचंच मांडलं होतं. त्यात खोलीचं भाडं नव्हतं, म्हैस होती!

''बाई, आमची म्हैस शेजारच्या काकू पिळून देईन म्हणते. पण चारच वेळा. सहा वेळा नाही म्हणे.''

मला आधी उमजेना. मग तिनं बोट ठेवून दाखवलं. पहिल्या दिवशी सकाळी दूध काढून निघायचं. त्या संध्याकाळचं एक. दुसऱ्या दिवशीची सकाळ नि संध्याकाळ मिळून तीन. रात्रीच्या गाडीनं परत यायचं, म्हणजे तिसऱ्या दिवशीच्या सकाळचं चौथं. हैदराबादेत दोन रात्री राहिलो तर होतात सहा. म्हणजे मुक्काम एकच रात्र! अहो, इतका सरळ हिशेब आम्ही मोठ्यांनी केला नव्हता.

एकच रात्र, तर ती बाग पाहण्याआधीची की नंतरची? यावर आम्ही दोघी मधल्या सुट्टीत बसलो. आधीची बरी, असं ठरलं. दिवसाच्या गाडीनं जायचं. (२०२४ पासून नागपूर-सिकंदराबाद वंदे भारत गाडी सेवाग्रामला थांबते, पण तिचं तिकीट जास्त. हे लोक साध्या गाडीनं जाणार.) रात्री महामार्गावर झोपायचं, आणि सकाळी फाटक उघडताना पहिल्या रांगेत उभं राहायचं. संध्याकाळी मेट्रोनं थेट स्टेशन. पण मग दिवसभर पिशव्या कुठं ठेवायच्या? स्टेशनावर ठेवल्या तर आदल्या दिवशी नेसायला काय? बागेत त्या घेऊन हिंडता येणार नाही.

तिनंच उत्तर काढलं. बागेतून स्टेशनाकडे परत येताना एल. बी. नगर वाटेतच लागतं. तिथली खोली घेतली, तर सकाळी खोली सोडायची, पिशव्या खालीच ठेवायच्या आणि संध्याकाळी उचलून पुढं जायचं. स्टेशनाजवळच्या खोलीत हे जमलं असतं, पण सकाळचा तास गेला असता. बागेजवळच्या खोलीत तास वाचला असता, पण पैसे गेले असते.

''मग बाबांना काय विचारायला सांगशील?'' मी म्हटलं.

तिनं वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं : 'संध्याकाळपर्यंत पिशव्या ठेवू देता काय?'

शनिवारी तिचे बाबा पुन्हा आले. शाळेच्या ओट्यावर बसूनच फोन लावला. पलीकडचा माणूस अर्धं तेलुगू, अर्धं हिंदी बोलत होता. भाडं सांगितलं, किती माणसं ते विचारलं, गरम पाणी सकाळी सहा ते आठ म्हणाला. बाबा ''हो, हो'' म्हणत फोन ठेवणार, तोच हिनं त्यांची बाही ओढली आणि वही पुढं केली. त्यांनी प्रश्न वाचून दाखवला.

''रखो ना भाई,'' तो म्हणाला, ''उसका क्या पैसा!''